खाऱ्या वाऱ्यातला लॅपटॉप

हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि विरघळू लागतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच असते. त्यातलं मढ हे कोळी गाव तर तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं. तिथल्या घरात लॅपटॉपचा पंखा हवेबरोबर मिठाचे बारीक कणही आत ओढतो. ते कण सर्किट बोर्डावर, पट्ट्यांच्या जोडांवर, यूएसबीच्या खाचांत बसतात आणि पावसाळाभर ओलेच राहतात. ओल्या मिठातून वीज वाहते. ते तांबं खातं, डाग देऊन बसवलेले जोड खातं. एरंगळ, भाटी, मढ कोळीवाडा या पट्ट्यात खिडकीचे गज आणि सायकलच्या साखळ्या जशा गंजतात, तसाच लॅपटॉपही आतून गंजत जातो, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही.

लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लॅपटॉप कसा निवडावा हे सांगणाऱ्या प्रकरणाची सुरुवात मिठापासून केली, कारण मढच्या माणसाला लॅपटॉप घेताना दोन प्रश्न एकदम विचारावे लागतात. आतल्या चिपा या ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखू येतील का? आणि त्यातलं काही खाऱ्या हवेने गेलं, तर ते काढून दुसरं बसवता येईल का? पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा, दुसरा स्क्रू-ड्रायव्हरचा. पण बाजारात नीट शोधलं की दोन्हींचं उत्तर बहुधा एकाच जातीच्या यंत्रापाशी येऊन थांबतं. ती जात ओळखायला शिकलं की ब्रँडची जाहिरात पाहायची गरज उरत नाही.

लॅपटॉपची खरेदी इथे बरेचदा जून-जुलैत होते. कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले सगळं तेव्हाच असतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे पगार यांचा वर्षाचा हिशेब काढायला घरात निवांतपणा असतो. म्हणजे यंत्र सर्वांत जास्त वापरलं जातं ते सर्वांत दमट महिन्यांत. या हिशेबाला लिबरऑफिसचं कॅल्क पुरतं. ते मोफत आहे आणि मराठीत चालतं. बोटीवरच्या कामालाही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ओपनसीपीएन नावाचा सागरी नकाशांचा प्रोग्रॅम लिनक्सवर उत्तम चालतो. यूएसबीला लावायचा छोटा जीपीएस घेतला की बोट कुठे आहे ते नकाशावर दिसतं, आधीच्या फेरीचा मार्ग जपून ठेवता येतो. अधिकृत नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे, आणि समुद्रात एकट्या लॅपटॉपवर विसंबून जाऊ नये, हे ओपनसीपीएन बनवणारेही सांगतात. पण फेरीनंतर घरी बसून मार्ग तपासायला, मुलाला नकाशा वाचायला शिकवायला हे साधन फार चांगलं आहे.

या जीपीएसवरूनच ड्रायव्हर म्हणजे काय ते समजून घेता येतं. जुन्या यूएसबी जीपीएसमध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप असे. कंपनीने तिच्या जुन्या आवृत्त्या बंद केल्या, आणि नव्या विंडोजवर कंपनीचाच ड्रायव्हर त्या चिपांना नाकारतो. धडधाकट जीपीएस निरुपयोगी होतो. लिनक्समध्ये तोच जीपीएस लावला तर चालतो, कारण त्या चिपेशी कसं बोलायचं याचा कोड कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच ठेवलेला आहे, आणि कंपनीने लक्ष काढून घेतलं तरी तो कोड तिथून जात नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर मुख्यतः यंत्र बनवणाऱ्याकडून येतो. लिनक्समध्ये तो मुख्यतः कर्नलबरोबर येतो. म्हणून लिनक्ससाठी लॅपटॉप निवडायचा म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या चिपा निवडायच्या. ज्या चिपेचा कोड कर्नलमध्ये पोहोचला आहे ती पहिल्या मिनिटापासून चालते, आणि जिचा पोहोचलेला नाही तिच्यापुढे दुकानदाराचं आश्वासन काही कामाचं नाही.

चिपा चालल्या तरी पडद्यावर मराठी नीट दिसायला हवी, आणि ते काम आपल्या जवळच झालं. मढच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत वर्सोवा येतं. तिथून जुहू जवळच. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर १९८५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून तिथे ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प चालला. त्याच सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईतून ‘इंडलिनक्स’ सुरू केलं. सिस्टिमचे मेनू, खिडक्या, सूचना भारतीय भाषांत आणणं हे त्याचं काम. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून ‘लोहित’ ही अक्षररूपांची मालिका आली. २००७ मध्ये सी-डॅकची ‘बॉस’ ही डेबियन लिनक्सवर उभारलेली भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध झाली. आज नवा लॅपटॉप उघडून उबुंटू किंवा फेडोरासारखं लिनक्सचं वितरण टाकलं आणि मराठी निवडलं की सगळं सरळ दिसतं, ते या कामांमुळे. याची आठवण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण यातली अनेक माणसं आपल्याच उपनगरांत काम करत होती आणि त्यांची नावं आपल्या मुलांना माहीत नाहीत.

कीबोर्डाच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. १९९१ च्या भारतीय मानकातली इनस्क्रिप्टची मांडणी आणि तिची वाढवलेली आवृत्ती लिनक्समध्ये मराठीच्या नावाने तयारच असते. ती कोणत्याही लॅपटॉपवर लागते. फक्त उजव्या बाजूचं ऑल्ट बटण आहे ना ते पाहा. ₹ सारखी चिन्हं त्याच बटणाबरोबर उमटतात आणि काही छोट्या यंत्रांत जागा वाचवायला उजवीकडची बटणं कापलेली असतात.

लिनक्ससाठी यंत्र कसं घडवावं हे पाहायला आता खैरातकडे जाऊ. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं हे छोटं गाव. २००७ च्या पावसाळ्याच्या शेवटी तिथल्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या प्रकल्पाला नकार दिलेला होता, तरीही विसेक मुलांच्या हातात हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यावर फेडोरा लिनक्स होतं आणि त्याच्यावर मुलांसाठी बनवलेला ‘शुगर’ हा पडदा. प्रोसेसर एएमडीचा जिओड, ४३३ मेगाहर्ट्‌झचा. रॅम २५६ मेगाबाइट, साठवणीला १ गिगाबाइट. आजच्या कोणत्याही फोनपुढे हे आकडे काहीच नाहीत.

पण लिनक्ससाठी यंत्र कसं असावं याचा विचार एक्सओइतका नीट क्वचितच झाला आहे. कीबोर्ड रबराच्या एकसंध पातळ चादरीचा, पाणी-धूळ आत न जाणारा. वाय-फायचे दोन अँटेना सशाच्या कानांसारखे वर उघडत, आणि मिटले की यूएसबीची तोंडं त्यांच्याखाली झाकली जात. पडदा भर उन्हात वाचता येई. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने लॅपटॉप उघडता यायचा, आणि जादा स्क्रू मुठीच्या आतच ठेवलेले असत, म्हणजे दुरुस्ती करताना एखादा हरवला तर शोधत बसायला नको. कोकणच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यासाठी याहून योग्य यंत्र मला सुचत नाही. प्रयोग खैरातमधून महाराष्ट्रभर पसरला नाही, त्याची कारणं पैशांची, धोरणांची आणि शिक्षक-प्रशिक्षणाची होती. यंत्राची घडण मात्र अभ्यासावी अशीच आहे.

याच एक्सओवरून एक मोठा वाद झाला आणि तो आपल्या खरेदीच्या अगदी उपयोगाचा आहे. त्यातली वाय-फाय चिप मार्व्हेल कंपनीची होती. तिच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर होता. लॅपटॉप झोपलेला असला तरी ही चिप जागी राहून शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पाठवू शके, म्हणून गावात एका ठिकाणचं इंटरनेट एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात असं पसरवता येई. कल्पना सुंदर, पण त्या आतल्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम मार्व्हेलने खुला केला नव्हता. लिनक्समधला ड्रायव्हर खुला, पण चिपेच्या आतला प्रोग्रॅम बंद. ओपनबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमचे थिओ डी राट यांनी २००६ मध्ये यावर जाहीर टीका केली. या आतल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर चिपेच्या आत. आजच्या जवळजवळ प्रत्येक वाय-फाय कार्डाला असं बंद फर्मवेअर लागतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न असा की ते फर्मवेअर वाटायची परवानगी कंपनीने दिली आहे का. दिली असेल तर ते सिस्टिमबरोबरच येतं आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. नसेल तर ते तुम्ही शोधत फिरायचं, आणि शोधायला लागणारं इंटरनेट नेमकं त्या न चालणाऱ्या वाय-फायवर अवलंबून. तत्त्वांबाबत कडक असलेल्या डेबियनलाही हे मानावं लागलं. २०२२ च्या मतदानानंतर, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्यांच्या अधिकृत प्रतींमध्ये असं फर्मवेअर असतं.

म्हणून लॅपटॉपमधल्या सगळ्या चिपांत मी वाय-फायवर सर्वांत जास्त वेळ घालवतो. इंटेलची कार्डं सगळ्यांत बिनधोक. कंपनी स्वतः लिनक्सचा ड्रायव्हर लिहिते आणि फर्मवेअर वाटू देते. स्वस्त लॅपटॉपमध्ये रिअलटेक किंवा मीडियाटेक असतं. तीही आता बरी चालतात, फक्त चिप केव्हाची आणि कर्नल केव्हाचा हे पाहावं लागतं. मीडियाटेक एमटी७९२१ चा ड्रायव्हर २०२१ मधल्या कर्नल ५.१२ मध्ये आला. रिअलटेक आरटीएल८८५२बीई चा २०२३ मधल्या ६.२ मध्ये. २०२२ साली हे दुसरं कार्ड असलेला नवाकोरा लॅपटॉप घेऊन ज्याने त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं, त्याच्या यादीत वाय-फाय दिसलंच नाही, कारण त्या उबुंटूचा कर्नल ५.१५ होता. यंत्र चांगलं, सिस्टिम चांगली, फक्त दोघांची भेट लवकर झाली. त्याच लॅपटॉपवर दोन वर्षांनी आलेलं उबुंटू २४.०४ कोणतीही खटपट न करता चालतं. जुन्या मॅकबुकांत आणि काही जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असते. तिचा ड्रायव्हर बरेचदा वेगळा उतरवावा लागतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट घ्यावं. लिनक्स त्याला लगेच ओळखतं.

यातून खरेदीचा एक साधा नियम निघतो: गेल्या महिन्यात बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नका. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो, आणि तो तुमच्या वितरणापर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो. वर्षभर जुनं मॉडेल स्वस्तही मिळतं आणि तोवर त्याच्या चिपा कर्नलमध्ये स्थिरावलेल्या असतात.

बाकीच्या भागांविषयी इतकं बोलायला नको. पडद्याची चिप इंटेल किंवा एएमडीची घ्या. एएमडीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपांची माहिती खुली करायला सुरुवात केली, त्याचं फळ आज दिसतं. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नलमधला आपला भाग खुला केला आणि परिस्थिती सुधारते आहे, तरीही हिशेब, अभ्यास, व्हिडिओ पाहणं यासाठी ती चिप लागतच नाही, आणि ती बॅटरी खाते. कॅमेरा आतून यूएसबीने जोडलेला असेल तर चालतोच. बाराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेलच्या काही महाग, पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा थेट प्रोसेसरच्या चित्रविभागाला जोडतात. तो लिनक्सवर चालवणं कटकटीचं आहे. विद्यार्थ्याला ऑनलाइन तास करायचे असतील तर असं यंत्र सरळ टाळा. बोटाचा ठसा घेणारी पट्टी चाललीच पाहिजे असा आग्रह धरू नका. काही चालतात, बऱ्याच चालत नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम म्हणून विकले जातात, पण लिनक्ससाठी ते अजून तयार नाहीत. काही इंटेल लॅपटॉपवर लिनक्स टाकायला गेलं की डिस्कच दिसत नाही. घाबरू नका, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगांत, साठवणीची पद्धत आरएसटी किंवा व्हीएमडी वरून एएचसीआय करावी लागते. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर तो बदल आणि डिस्कची वाटणी करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची किल्ली कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोजमधली माहिती कायमची बंद होऊ शकते.

झाकण लावल्यावरची झोप मात्र नीट तपासा. पूर्वीचे लॅपटॉप झोपले की रॅम सोडून सगळ्याची वीज तोडत. नव्या अनेक लॅपटॉपमध्ये ती पद्धत काढून टाकली आहे आणि फोनसारखी अर्धवट जागी झोप आली आहे. लिनक्सवर ती जमली नाही तर पिशवीत ठेवलेला लॅपटॉप गरम होतो, मालाडला उतरेपर्यंत बॅटरी संपते. कागदावरच्या आकड्यांतून हे कळत नाही, यंत्र झोपवूनच पाहावं लागतं.

आता कोणतं घ्यायचं. माझं ठाम मत असं की मढसारख्या ठिकाणी, मर्यादित पैशात, कार्यालयांतून निघालेला जुना लॅपटॉप नव्या स्वस्त लॅपटॉपहून चांगला. लेनोवोची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. कंपन्या हे शेकड्यांनी घेतात आणि तीन-चार वर्षांनी बदलतात. अनेक कंपन्यांत त्यांवर लिनक्सही चालवलं जातं, म्हणून या मालिकांतली अनेक मॉडेल्स उबुंटूच्या प्रमाणित यादीत असतात. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांच्या बायोसच्या दुरुस्त्याही लिनक्समधूनच मिळतात. २०१५ पासून चाललेल्या एलव्हीएफएस या सेवेवर या तिन्ही कंपन्या आपली फर्मवेअर ठेवतात. तिन्ही कंपन्या दुरुस्तीची सचित्र पुस्तिकाही मोफत देतात: कोणता स्क्रू आधी काढायचा, कोणती पट्टी कशी सोडवायची. स्वस्त घरगुती मॉडेलसाठी अशी चांगली पुस्तिका क्वचितच मिळते.

शिवाय सध्याचा काळ ग्राहकाच्या बाजूचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अजून चांगले चालणारे लॅपटॉप कार्यालयांच्या हिशेबी निकामी ठरले. लिनक्सला ही अट नाही. थिंकपॅड टी४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० वर ८ गिगाबाइट रॅम आणि एसएसडी असेल तर कॉलेजचं सगळं काम नीट होतं. टी४७० आणि टी४८० मध्ये आणखी एक सोय आहे. एक बॅटरी आत, दुसरी मागून खटक्याने काढता येणारी. पावसात वीज गेली तर दुसरी बॅटरी लावून, यंत्र बंद न करता काम चालू राहतं. टी४८० घेताना मात्र यूएसबी-सी चं भोक तपासा. त्या काळातल्या थंडरबोल्टच्या फर्मवेअरमध्ये दोष होता आणि त्याने ते भोक कायमचं बंद पडे. लेनोवोने दुरुस्ती काढली आहे, ती लावलेली नसेल तर आधी लावून घ्या.

असे लॅपटॉप मालाड-अंधेरीच्या दुकानांतही मिळतात, पण निवड हवी असेल तर लॅमिंग्टन रोड गाठावा. मढहून वर्सोव्याला फेरीबोट, वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने ग्रँट रोड. जाताना खिशात एक पेनड्राइव्ह ठेवा, त्यात लिनक्स मिंट किंवा उबुंटू आधीच भरून. ते पेनड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावता चालतं. दुकानदाराला सांगा की पैसे देण्याआधी अर्धा तास तपासायचं आहे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये.

सर्वांत आधी बायोस उघडा. तो पासवर्ड मागत असेल तर यंत्र परत ठेवा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो, आणि तो काढणं सोपं नाही. मग पेनड्राइव्हवरून सुरू करा. सिक्युअर बूट चालू असतानाही मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन सुरू होतात, ते बंद करायची गरज सहसा पडत नाही. वाय-फायला फोनचा हॉटस्पॉट जोडा आणि एखादा व्हिडिओ लावा, म्हणजे वाय-फाय, पडदा आणि आवाज तिन्ही एकाच वेळी कळतात. आवाज स्पीकरमधून आणि हेडफोनमधून वेगवेगळा ऐका. कॅमेरा उघडा. प्रकाश कमी-जास्त करणारी बटणं दाबा. प्रत्येक यूएसबीत माऊस लावून पाहा, कारण गंज पहिला तिथेच दिसतो. मग झाकण लावून चहा पिऊन या. परत आल्यावर झाकण उघडताच पडदा जागा झाला आणि वाय-फाय पुन्हा जोडलं गेलं, तर सर्वांत अवघड परीक्षा पार पडली. शेवटी टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी लहान अक्षरं सलग लिहून एंटर दाबा. आतल्या चिपांची यादी पडद्यावर येते. तिचा फोटो काढून ठेवा. पुढे कुणाला मदत मागायची वेळ आली तर तुमच्या सांगण्यापेक्षा ती यादी जास्त उपयोगी पडेल.

नवाच लॅपटॉप हवा असेल तर डॉस किंवा उबुंटू घातलेलं मॉडेल विचारा. विंडोजचे पैसे वाचतात. आणि लिनक्स शिकायला कुणी हवं असेल तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ पाठ आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, त्यातले अनेक मराठीत, एकट्याने बसून शिकता येतील असे. लिबरऑफिसपासून प्रोग्रॅमिंगपर्यंत सगळं त्यात आहे. पवईत याच मंडळींनी दहा हजार रुपयांच्या आसपासचा एक छोटा लॅपटॉपही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घालून विद्यार्थ्यांपुढे आणला होता.

जाहिरातीत ‘मिलिटरी दर्जाचा’ असं लिहिलेलं दिसेल. त्यामागचं मानक म्हणजे मिल-एसटीडी-८१०, आणि त्यात कितीतरी वेगवेगळ्या चाचण्या आहेत. खारट धुक्याची चाचणी ५०९ क्रमांकाची, आर्द्रतेची ५०७ क्रमांकाची. कंपनीने कोणत्या केल्या हे तिच्या कागदात पाहा. उंचावरून पाडून पाहिलेला लॅपटॉप खाऱ्या हवेत टिकेलच असं नाही.

खारेपणापासून पूर्ण सुटका नाही, पण बरंच करता येतं. समुद्राकडच्या उघड्या खिडकीपाशी लॅपटॉप ठेवू नका. वापर नसेल तेव्हा बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी तो चालू करा. आतल्या उष्णतेने ओल सुकते. पाऊस संपल्यावर, दसऱ्याला यंत्रांची पूजा करण्याआधी ती स्वच्छ करायची पद्धत आहे, त्याच आठवड्यात लॅपटॉपही उघडावा. बॅटरी आधी सोडवायची, पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी मऊ ब्रशने झाडायची, रॅमची आणि वाय-फाय कार्डाची सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. काही जण रॅमची टोकं खोडरबराने घासतात. मी तसं करू देत नाही, सोन्याचा थर पातळ असतो आणि तो गेला की खालचा धातू मिठाला उघडा पडतो.

वाय-फाय कार्ड गंजून गेलं तर नवं घ्यायचं. ते सुटं, एम.टू खाचेतलं असायला हवं. बोर्डावर पक्कं चिकटवलेलं असेल तर मार्ग नाही, म्हणून हे घेतानाच पुस्तिकेत पाहावं. बदलायला इंटेलचं एएक्स२१० मागावं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, पण ती ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतात. दुकानात या चुकीमुळे लोकांचे पैसे नेहमी जातात. फार जुन्या थिंकपॅडमध्ये, उदाहरणार्थ टी४३० मध्ये, बायोस फक्त ठरावीक कार्डंच स्वीकारतो, तेही लक्षात ठेवावं. नवं कार्ड बसवल्यावर लिनक्समध्ये काही टाकावं लागत नाही. ड्रायव्हर आधीपासून कर्नलमध्ये असतो.

बोर्डच गेला तरीही लिनक्सवाल्याचं काम थांबत नाही. एसएसडी काढायची आणि तसल्याच खाचेच्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवायची, मग तो दुसऱ्या कंपनीचा का असेना. तीच सिस्टिम, तेच हिशेब, तोच मराठी कीबोर्ड घेऊन ती सुरू होते, कारण ओळखीच्या सगळ्या चिपांचा कोड तिच्यात आधीच असतो. फार तर बायोसमध्ये जाऊन डिस्क निवडावी लागते, आणि डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तोच पासवर्ड द्यावा लागतो. एवढ्यासाठी साठवण सुटी हवी. सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ गिगाबाइटची ईएमएमसी साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि बोर्डाबरोबर तीही जाते. तेव्हा दुकानदाराला प्रोसेसरची पिढी विचारण्याआधी हे विचारा: डिस्क काढता येते का, आणि ती कोणत्या जातीची आहे, साटा की एनव्हीएमई?